भाषेचा तास, आवाज बंद

प्राथमिक शाळेत भाषा शिकवायची असेल, तर आधी वर्गातली बडबड बंद करा. पहिली-दुसरीची मुलं फार बोलतात, आणि मुलं बोलत असली की भाषा शिकवायची कशी? तेव्हा टॅबलेट आणा, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन चढवा आणि गेम सुरू करून द्या. पाच मिनिटांत वर्ग असा चिडीचूप होईल, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं शाळेला सुट्टी आहे.

गेम निवडताना फार डोकं चालवू नका. वर मांजराचं चित्र, खाली चार शब्द. बरोबर शब्दावर बोट टेकवलं की घंटा वाजते आणि चांदणी मिळते, चुकलं की बेडूक धपकन पाण्यात पडतो. लवकरच मुलांच्या ध्यानात येतं की चुकलं तरी काही बिघडत नाही. मग ती शब्दांकडे बघतही नाहीत. डावीकडून एकेक बटण दाबत जायचं, घंटा वाजली की पुढे. काही कार्टी तर मुद्दाम चुकतात, कारण चांदणीपेक्षा बेडूक भारी आहे. (खरंच भारी आहे.) तुम्ही मनाला लावून घेऊ नका. स्कोअर वाढतोय ना? मग वाचनही वाढत असणारच.

बक्षिसांत हात आखडू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. असल्या जुन्या गोष्टी उगाळत बसू नका. एखादी मुलगी आपणहून गोष्टीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसत असेल, तर तिला पानामागे दहा नाणी लावून द्या. तिच्या आवडीचा बंदोबस्त आपोआप होईल.

आता राहिल्या बाई. फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठात तयार झालेला ग्राफोगेम अक्षर आणि ध्वनी यांची जोडी लावायला शिकवतो. संशोधनातून आलेला, मन लावून केलेला खेळ आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यावरच्या अभ्यासांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा शब्दवाचनात सरासरी ठळक फरक दिसला नाही. फायदा दिसला तो जिथे मोठं माणूस मुलांसोबत लक्ष घालून होतं तिथे. यातून शहाण्याने एवढंच घ्यावं, की मोठ्या माणसाला वर्गातून हलवलं पाहिजे, नाहीतर सगळं श्रेय तेच खाऊन टाकेल. बाईंना चार्जिंगचं खातं द्या.

यातून खरा धोका एकच: टॅबलेट कमी पडणं. दोघांत एक दिला की काय होतं, ते एकदा जवळ उभं राहून ऐका.

“थांब ना, मी वाचते. मगर.”

“मगर नाहीये, भगर आहे.”

“कशावरून?”

“वरची रेघ तुटलीय बघ. तुटली की भ.”

“मग मघाशी तू म का म्हणालास?”

“मघाशी तुझं बोट होतं मधे!”

बघितलंत? पुरावे मागणं, कारण देणं, जुनं उकरून काढणं, दुसऱ्यावर ढकलणं, सगळं पूर्ण वाक्यांत, आणि तेही कुणी न शिकवता. यातल्या एकाही वाक्याला चांदणी नाही, कारण गेमला यातलं काही ऐकूच येत नाही. ज्याचा स्कोअर लागत नाही ते शाळेत कशाला हवं? ताबडतोब दुसरा टॅबलेट मागवा आणि दोघांना लांब बसवा.

वर्षअखेरीला पालकांना रंगीत आलेख द्या, हिरवा रंग सढळ हाताने वापरा. एखादी आई विचारेलच, “सगळ्या लेव्हल पार केल्यात म्हणता, मग आज काय वाचलं ते याला सांगता का येत नाही?” गडबडून जाऊ नका. सांगता येण्याची लेव्हल पुढच्या अपडेटमध्ये येतेय, म्हणा. तिचे पैसे वेगळे.