‘घोडे मोजण्यापेक्षा चारा द्या’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. प्राणिमित्रांच्या ग्रुपवर आला, गावाकडच्या ग्रुपवर आला, आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. त्याचा सूर असा: हलाखीतल्या घोड्यांची देशपातळीवर माहिती गोळा करा, ही मागणी म्हणजे पैशाची नासाडी आहे. पशुगणना दर पाच वर्षांनी होतेच. घोडे निम्म्यावर आलेत, म्हणजे प्रश्न आपोआप मिटतोय. आकड्यांनी घोड्याचं पोट भरत नाही, तो पैसा चाऱ्याला द्या. अमेरिकेनं हे करून पाहिलं, काय फरक पडला? आणि नोंदणी आली की गरीब घोडेवाल्याच्या मागे ससेमिरा लागणार.

लिहिणाऱ्याला घोड्यांची कळकळ आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले. मी जनावरांची डॉक्टर नाही. वीटभट्ट्यांवर जनावरांची मोफत तपासणी होते, तिथं वही घेऊन बसते, एवढाच माझा अधिकार.

पहिला मुद्दा, ‘पशुगणना होतेच’. होते, 1919 पासून होते, आणि तिचं मोल मोठं आहे. पण ती विचारते काय? घरात जनावरं किती, जात कोणती, नर की मादी, वय काय. पाठीवर जखम आहे का, नाल शेवटचा कधी ठोकला, घोडा लंगडतोय का, हे विचारणं तिचं कामच नाही. त्यात घोडा एका दारात बांधलेला नसतो. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. लग्नसराईत घोडं वरातीला जातं, सुट्ट्यांत थंड हवेच्या गावी. प्रगणक घरी येतो तेव्हा मालक आणि जनावर दोघंही दुसऱ्या जिल्ह्यात असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद पहिल्यांदाच घ्यायचं ठरलं. चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ इतकाच, की आधीच्या 20 गणनांत ही मंडळी वेगळी दिसतच नव्हती.

आपल्याच भीमथडीच्या तट्टाचं घ्या. यमुनेचं पाणी प्यायलेलं तट्टू म्हणून आपण त्याचा अभिमान मिरवतो. पण स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंद झाली ती परवापरवा. धनगरांच्या मेंढ्यांच्या कळपांमागून कोकरं, भांडीकुंडी, अंथरुणं वाहत ते पिढ्यान्‌पिढ्या चाललंच होतं. कुणीतरी त्या कळपांत जाऊन उंची, तोंड, पाय यांची मापं घेतली, तेव्हा कुठं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत त्याचं नाव आलं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. ‘घोडे कमी झाले, म्हणजे प्रश्न मिटतोय.’ 2012 च्या गणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे 6.25 लाख होती. 2019 मध्ये 3.4 लाख उरली. घट 45 टक्क्यांवर. खेचरं 57 टक्क्यांनी घटली, गाढवं 61 टक्क्यांनी. आता विचार करा. नीट ठेवलेला घोडा 25 वर्षं सहज जगतो. मग सात वर्षांत पावणेतीन लाखांवर घोडी गेली कुठं? काही म्हातारपणानं गेली, काही ठिकाणी पैदास थांबली, हे खरंच. पण किती विकली गेली, किती रस्त्यावर सोडली गेली, किती पोटशूळानं किंवा माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगानं गेली, हे त्या आकड्यात नाही. गाढवांच्या बाबतीत तर टेम्पो-ट्रॅक्टरबरोबर कातडीसाठी होणाऱ्या चोरट्या कत्तलीचाही हात आहे, हे उघड झालंय. तिथं ‘संख्या घटली, प्रश्न सुटला’ असं म्हणायची कुणाची हिंमत होईल का?

आणि उरलेल्या जनावराचं काय होतं, तेही बघा. टांगा बंद पडतो, घोडा स्वस्तात विकला जातो. पुढचा मालक आधीच्यापेक्षा गरीब असतो आणि काम आधीपेक्षा जड असतं. जनावर इतकं स्वस्त पडतं, की डॉक्टर बोलावण्यापेक्षा दुसरं आणणं परवडतं. म्हणजे संख्या घटत असतानाच हाल वाढत असू शकतात.

आता ‘तो पैसा चाऱ्याला द्या’. हेच मीही म्हणायचे. दोन वर्षं आम्ही शहराबाहेरच्या एका भट्टीवर जायचो. मलमाच्या डब्या वाटायचो, चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा वाटायचो, मालकांना दोन शब्द सांगून परतायचो. पुढच्या खेपेला तीच तट्टं, त्याच जखमा. मग आमच्या डॉक्टरांनी वहीच्या प्रत्येक पानावर तट्टाची बाह्याकृती काढून दिली आणि म्हणाले, जखम दिसेल तिथं फुली मार. संध्याकाळी चहा पिताना मी पानं एकावर एक धरून उजेडासमोर पाहिली. फुल्या इकडेतिकडे पसरलेल्या नव्हत्या. मान संपते तिथल्या उंचवट्याच्या जरा मागे, उजव्या अंगाला, सगळ्या एका तळहाताएवढ्या जागेत.

दुसऱ्या दिवशी विटा भरताना पाहत उभे राहिलो. कच्च्या विटा पाठीवरच्या दुहेरी गोणीत भरायच्या, एक कप्पा या बाजूला, एक त्या बाजूला. भरणारा माणूस उजवीकडे उभा. आधी उजवा कप्पा भरायचा आणि मग डावा भरेपर्यंत सगळा भार एका बाजूला ओढला जायचा. दोन्ही कप्पे जोडणाऱ्या दोरखंडाची गाठ नेमकी त्या फुल्यांच्या जागी घासायची. हळद लावा, मलम लावा, सकाळी पुन्हा तीच गाठ तिथंच. गाठ खाली सरकवली, खोगिराखाली गोधडीची दुपेडी घडी घातली, आणि दोन्ही कप्पे दोघांनी एकाच वेळी भरायचे असं ठरलं. खर्च काहीच नाही. पुढच्या खेपेला जुन्या जखमा सुकत आल्या होत्या आणि नव्या फुल्या मोजक्याच पडल्या. चंदी वाटणं आम्ही थांबवलं नाही, थांबवूही नये. पण दोन वर्षं जे मलम वाटलं, ते त्या गाठीखाली वाटत होतो, हे वहीशिवाय कधीच कळलं नसतं. एका भट्टीवर हे दिसलं. अशा वह्या देशभर एकाच पद्धतीनं भरल्या गेल्या, तर कुठल्या कामात कुठली इजा होते, कुठल्या महिन्यात होते, कुठं औषध लागेल आणि कुठं नुसता नालबंद, हे समजेल. चाऱ्याचा पैसा नेमका कुठं पाठवायचा, तेही त्यातूनच कळेल.

अमेरिकेचा दाखला मेसेजवाल्यानं उलटा दिलाय. तिथले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. सगळ्यांना वाटलं, घोडे वाचले. 2011 मध्ये तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी तपास कार्यालयानं अहवाल दिला, त्यातून दिसलं की 2010 मध्ये जवळपास 1 लाख 38 हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले होते. आधी देशात जेवढे मारले जायचे, जवळजवळ तेवढेच. फरक एवढाच, की मरण्याआधीचा प्रवास लांबला. ही गोष्ट कळली कशी? सीमेवर घोडे मोजले जात होते म्हणून. त्याच अहवालात असंही म्हटलं होतं, की हेळसांड झालेल्या घोड्यांची देशभरची पुरेशी आकडेवारीच नाही, कोलोरॅडोसारख्या एकेका राज्याच्या तक्रारींवरून अंदाज बांधावा लागतो. 2018 मध्ये तिथल्या घोडेविषयक संस्थांनी ती माहिती जमवायचं काम हाती घेतलं: आश्रयगृहांत किती घोडे आले, का आले, किती जागा शिल्लक आहेत, किती घोड्यांना घर मिळालं. संस्थांची नावं झाकून फक्त एकत्रित आकडे छापायचे, ही त्यांची पद्धत.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण ससेमिऱ्याची भीती खोटी नाही. ती मी भट्टीवर डोळ्यांनी पाहिलीय. वही उघडली की दोन माणसं जनावर घेऊन शेताच्या बांधाआड जातात. ग्लँडर्ससारखा रोग घ्या. त्याला उपाय नाही, तो माणसालाही होतो, आणि तपासणीत निघाला की जनावर मारावंच लागतं. 2006 मध्ये तो देशात पुन्हा उगवला, तेव्हा महाराष्ट्रातही जनावरं सापडली होती. भरपाई वेळेवर मिळेल असा विश्वास नसेल, तर मालक आजारी घोडा लपवणार, रातोरात दुसऱ्या बाजारात नेऊन विकणार. मी त्याच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. दुसरी भीती रोजच्या कमाईची. मे 2025 मध्ये केदारनाथच्या वाटेवर दोन दिवसांत 14 घोडी-खेचरं दगावली आणि वाहतूक 24 तास थांबवावी लागली. ज्यांची रोजची कमाई त्या पाठीवर चालते, त्यांचे ते 24 तास कसे गेले असतील?

म्हणून नोंद कुणाच्या हाती असावी, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं: जनावराची अवस्था लिहून घेणारी वही पशुवैद्यकाकडे असावी, पोलिसाकडे नाही. मालकाचं नाव वर जाऊ नये, आकडा जावा. आणि नोंद केलेल्या जनावराला त्या बदल्यात तिथल्या तिथं काहीतरी मिळावं, धनुर्वाताची सुई, जंताचं औषध, नाल. आमच्या भट्टीवर बांधाआड जाणारी माणसं परत आली ती नालबंद बरोबर न्यायला लागलो तेव्हा.

गायी-म्हशींच्या कानात ओळखीचा 12 अंकी बिल्ला आला. घोडा त्या रांगेत मागे राहिला. माथेरानमध्ये साडेचारशेच्या वर परवान्याचे घोडे आहेत. आता तिथं ई-रिक्षा वाढतायत आणि घोडेवाले धास्तावलेत. त्यांचं काम कमी झालं तर ते घोडे कुणाकडे जातील, कुठल्या भट्टीवर पोचतील? परवाना आहे म्हणजे यादी आहे. त्या यादीत जनावराची आजची अवस्था आणि पुढचा मुक्काम असे दोन रकाने वाढवायला आत्ता एक हंगाम पुरेल. घोडे विकले गेल्यावर ते रकाने कोण भरणार?