शिराळा दुष्काळी आणि जत नाही? फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

सातारा-सांगलीच्या व्हॉट्सॲप गटांवर २०२३ पासून एक मजकूर फिरतो आहे. पावसानं ओढ दिली की तो पुन्हा वर येतो. गोषवारा असा: "वाई, शिराळ्यात धो धो पाऊस, तिथं दुष्काळ जाहीर. माण, जत, आटपाडीत प्यायला पाणी नाही, तिथं म्हणे सुकाळ! मंत्रालयात बसून नावं टाकली. टेंभू-म्हैसाळचं पाणी दाखवून आमची नावं कापली. तलाठ्यांनी आणेवारी फुगवली. दुष्काळ लागला असता तर कर्ज माफ झालं असतं, आता हातात काहीच नाही."

यादीपुरता हा मजकूर बरोबर आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात साताऱ्यातले वाई आणि खंडाळा होते. सांगलीतले शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज होते. माण, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ नव्हते. २०१८ च्या १५१ तालुक्यांच्या यादीत हे चारही होते, म्हणजे लोकांचा राग हवेतला नाही. पण रागाला जोडलेली कारणं चुकीची आहेत, आणि त्यापायी दर वेळी मोर्चा भलत्याच दारावर जातो.

"मंत्रालयात बसून नावं टाकली"

यादीतलं नाव कसं येतं ते आधी पाहू. केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ साली आली आणि राज्यानं ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयानं ती स्वीकारली. तेव्हापासून खरिपाचा दुष्काळ पायऱ्यापायऱ्यांनी ठरतो.

पहिली पायरी पावसाची, तिला ट्रिगर-१ म्हणतात. जून-जुलैत सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस, किंवा जून ते सप्टेंबर मिळून ७५ टक्क्यांहून कमी, किंवा मध्येच सलग तीन-चार आठवड्यांचा खंड. ही पायरी ओलांडल्याशिवाय तालुका पुढं जातच नाही, मग विहिरी कितीही आटलेल्या असोत.

दुसरी पायरी परिणामांची, म्हणजे ट्रिगर-२: पेरणीखालचं क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, आणि धरणं-भूजल-नदीप्रवाह. यातले किती निर्देशांक कुठल्या गटात पडतात त्यावरून तालुका मध्यम की गंभीर हे ठरतं. उपग्रहाचं काम नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र करतं, भूजलाचे आकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा देते.

तिसरी पायरी शिवारातली. तालुक्यातली १० टक्के गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक गावात मुख्य पिकांची साधारण पाच ठिकाणं बघायची, जागेवर उभं राहून अक्षांश-रेखांशासह फोटो काढायचे आणि पीकनुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का ते नोंदवायचं. हे काम महसूल, कृषी आणि पंचायत खात्याच्या गावपातळीवरच्या माणसांचं. अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत वर जातो आणि ऑक्टोबरअखेर शासन निर्णय निघतो.

म्हणजे शेवटची सही मंत्रालयात होते, पण तिथं पोचेपर्यंत बहुतेक तालुके आकड्यांनीच गळालेले असतात. माणूस चुकतो किंवा चुकवतो तो प्रामुख्यानं तिसऱ्या पायरीवर. निवडलेल्या गावातलं बांधापासचं, पाटाच्या कडेचं हिरवं रान बघून फोटो काढला की अख्खं गाव हिरवं दिसतं. रस्त्यालगतच्या शेतांवरच पाहणी उरकली तर माळावरची बाजरी कागदावर येतच नाही.

"धो धो पाऊस, तिथं दुष्काळ कसा?"

खरी गोम इथं आहे. संहिता पाऊस मोजते तो त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशी. शेजारच्या तालुक्याशी नाही, आणि पिकाला किती लागतो त्याच्याशीही नाही.

दोन कल्पित तालुके घ्या, एक वाई-शिराळ्यासारखा पश्चिमेकडचा ओला, दुसरा माण-जतसारखा पूर्वेकडचा कोरडा. पश्चिमेकडच्या तालुक्याची जून ते सप्टेंबरची सरासरी ९०० मिलिमीटर, पडला ६००. ६७ टक्के झाले, ७५ च्या खाली, ट्रिगर लागला. पूर्वेकडच्या तालुक्याची सरासरी ३२०, पडला २५०. ७८ टक्के, ट्रिगर नाही. सहाशे मिलिमीटरवाला दुष्काळी आणि अडीचशेवाला नाही. कुणी काही फिरवलेलं नाही, भागाकार बरोबर आहे.

खंडाचा हिशेब आणखी तिरपागडा. ज्या आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तो कोरडा आठवडा, असे तीन-चार सलग आले की खंड. पश्चिमेकडं ऑगस्टच्या आठवड्याची सरासरी समजा ६० मिलिमीटर. तिथं २५ पडला तरी आठवडा कोरडा. पूर्वेला सरासरी १५. तिथं नऊ मिलिमीटरची एक भुरभुर आली की आठवडा कोरडा राहत नाही आणि खंड तुटला असं गणलं जातं. नऊ मिलिमीटरनं मुरमाड रानातल्या बाजरीची मुळंही भिजत नाहीत, पण गणित तेवढ्यावर समाधानी असतं.

आता २०२३ आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. ज्या तालुक्यांची भिस्त नेमकी जुलै-ऑगस्टच्या पावसावर, त्यांना असा ऑगस्ट टक्केवारीत जास्त खड्ड्यात घालतो. माण, आटपाडी, जतचा भरवसा मुळातच परतीच्या पावसावर. तिथं सरासरी ऑगस्टही फार ओला नसतो, त्यामुळं पडायला उंचीच कमी.

शिराळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चांदोली धरण येतं. पण चांदोलीचा पाऊस हा तालुक्याच्या पश्चिम टोकाचा पाऊस; पूर्वेकडं येता येता तो झपाट्यानं उतरतो. तिथल्या धूळवाफ, म्हणजे कोरड्या रानात पेरलेल्या, भाताला पोटरीच्या वेळी तीन आठवडे पाणी मिळालं नाही तर पळींज, म्हणजे पोकळ दाणा, वाढतो, मग जुलैत कितीही पडलेला असो. वाईचंही तसंच. धोमच्या वरचं खोरं आणि भुईंज-पाचवडकडची बाजू यांचा पाऊस एक नाही. खंडाळा तर पर्जन्यछायेतच आहे. म्हणजे यादीतल्या तालुक्यांत दुष्काळ नव्हता हे म्हणणंही टिकत नाही. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याला खोटं पाडून पूर्वेकडच्याला न्याय मिळणार नाही.

उपग्रहाच्या निर्देशांकातही हीच खोच आहे. आजची हिरवाई त्या जागेच्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त हिरवाईच्या मध्ये कुठं बसते, ते शंभरापैकी काढतात; ४० च्या खाली गंभीर, ४० ते ६० मध्यम. माणची तुलना माणच्याच जुन्या वाईट वर्षांशी. जिथली वाईट वर्षं फारच वाईट, तिथं आजचं साधं वाईट वर्ष बरं दिसतं. त्यात माळावरची वेडी बाभूळ, डाळिंबाच्या बागा आणि ठिबकवरचा ऊस हिरवेच राहतात. पीकक्षेत्र नीट वेगळं काढलं नाही तर करपलेली बाजरी त्यांच्याआड झाकली जाते.

पेरणीक्षेत्राचा निर्देशांक जतसारख्या ठिकाणी तर जवळजवळ आंधळा. जतचं बरंचसं रान रब्बी ज्वारीचं. खरिपात ते मोकळंच असतं. नेहमीही मोकळं, त्या वर्षीही मोकळं, मग घट कुठून दिसणार? रब्बीचा दुष्काळ वेगळा जाहीर करता येतो, त्याची मुदत ३१ मार्च. पण सगळी ओरड आणि सगळी निवेदनं ऑक्टोबरात होतात, मार्चात सामसूम.

"टेंभू-म्हैसाळचं पाणी दाखवून नावं कापली"

टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेचं पाणी उपसून वर नेणाऱ्या योजना. हा मुद्दा यादीच खोडून काढते. कडेगावला टेंभूचं पाणी आहे, खानापूरला टेंभूचं, मिरजेत तर म्हैसाळ योजनेचा पहिला उपसाच आहे. तिन्ही तालुके यादीत. उपशाच्या पाण्यामुळं नावं गळत असती तर हेच आधी गळाले असते.

एक तरतूद मात्र खरी आहे. सिंचनाखालचं क्षेत्र ७५ टक्क्यांहून जास्त असेल तर दुष्काळाची तीव्रता एक पायरी खाली आणण्याची मुभा संहितेनं राज्याला दिली आहे. जत किंवा माण त्या टक्केवारीच्या जवळपासही नाहीत. पाण्याचा परिणाम आडवाटेनं होतो, वर सांगितलेल्या हिरवाईतून आणि कालव्यालगतच्या भरलेल्या निरीक्षण विहिरींतून. वाद घालायचा तर तिथं घालावा.

"तलाठ्यांनी आणेवारी फुगवली"

आणेवारीवर, म्हणजे पैसेवारीवर (नेहमीच्या तुलनेत पीक रुपयात किती पैसे आलं त्या अंदाजावर), आता दुष्काळ ठरत नाही. ५० पैशांच्या खाली गेलं की गाव दुष्काळी, हा जुना हिशेब लोकांच्या तोंडी राहिला आहे. नजर, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांनी ती आजही जाहीर होते. पण अंतिम आकडा डिसेंबरात येतो आणि खरिपाचा निर्णय ऑक्टोबरातच झालेला असतो. संहितेनं तिला बाजूला सारलं ते मुख्यतः या उशिरामुळं. तलाठ्याचं पदनाम बदललं तरी शिव्या जुन्याच पत्त्यावर जातात, एवढंच.

"कर्ज माफ झालं असतं", "काहीच मिळालं नाही"

दोन्ही चूक. दुष्काळ जाहीर झाला म्हणून कुठल्याही तालुक्यात कर्ज माफ होत नाही. पीककर्जाचं पुनर्गठन होतं, म्हणजे हप्ते पुढं ढकलले जातात, आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट मिळते. चालू, थकबाकीत नाही. बाकी जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज तिथं टँकर आणि पंपाची वीज न तोडणं. एकूण आठ सवलती.

आणि याच आठ सवलती नोव्हेंबर २०२३ मध्ये यादीबाहेरच्या तालुक्यांतल्या १,०२१ महसुली मंडळांना (तालुक्यातल्या गावांच्या गटांना) 'दुष्काळसदृश' म्हणून लागू झाल्या. तिथला निकष वेगळा: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि शिवाय एकूण पाऊस ७५० मिलिमीटरच्या आत. ही दुसरी अट महत्त्वाची, कारण तिच्यात पहिल्यांदा नुसत्या टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष पाऊसही बघितला गेला. हा निर्णय ओरड झाल्यावर झाला, हे मजकूर लिहिणाऱ्यानं खुशाल म्हणावं, त्यात खोटं नाही.

फरक पडतो तो निविष्ठा अनुदानात, म्हणजे बी-खताच्या खर्चापोटी मिळणाऱ्या मदतीत. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांप्रमाणं ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालेल्या पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये कोरडवाहू, १७,००० बागायत, २२,५०० बहुवार्षिक, तेही दोन हेक्टरपर्यंत. हा रस्ता तालुका दुष्काळी ठरल्यावर खुला होतो. 'सदृश' या एका शब्दानं तो अडतो. दोन एकर बाजरीवाल्याला यातून साधारण सात हजार मिळाले असते. भांडण या रकमेचं आहे, कर्जमाफीचं नव्हे.

टँकरला तर दुष्काळ जाहीर व्हायची गरजच नाही. तो टंचाईच्या नियमांत येतो: ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. "यादीत नाही म्हणून टँकर नाही" असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागावं. लेखी देणार नाहीत.

मग हात घालायचा कुठं

नियमच सापेक्ष आहे, तो बदलायचा तर मागणी नेमकी हवी: कमी पावसाच्या तालुक्यांसाठी मंडळांना लावली तशी मिलिमीटरची अट ट्रिगर-१ मध्येही यावी, खंड मोजताना आठवड्याला किमान किती पाऊस धरायचा ते ठरावं, आणि एकक तालुक्याऐवजी महसुली मंडळ असावं. 'आमचा तालुका घ्या' हे निवेदन फाइलीला लागतं आणि तिथंच राहतं.

नियम आहे तोवर आकडे तपासता येतात. तालुक्याचं ट्रिगर-२ चं पत्रक, पाहणीसाठी निवडलेल्या गावांची नावं आणि तिथले फोटो माहिती अधिकारात मागता येतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवस मुदत. डिसेंबरात अंतिम पैसेवारी आली की ती यादीशेजारी ठेवावी. पैसेवारी ५० च्या खाली आणि यादीत नाव नाही, अशी गावं मंडळनिहाय मांडली की नियम कुठं हुकला ते कुणालाही दिसेल.

आणि सगळ्यात आधी मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र बघून यावं. दहा-पंधरा गावांचा पाऊस त्या एका भांड्यावर ठरतो. जवळच्या अडथळ्यापासून ते त्या अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असायला हवं. वीस फुटी लिंबाखाली असेल तर पाऊस अडतो आणि आकडा कमी येतो, गावाला ते सोयीचं वाटेल; पण नरसाळ्यात पाला तुंबला तर आजचा पाऊस ठिबकत उद्यापर्यंत मोजला जातो आणि कोरड्या आठवड्यात नसलेला पाऊस दिसतो. हे पाहायची वेळ जूनच्या पहिल्या आठवड्यातली. ऑक्टोबरात पाला काढून उपयोग नाही.