शिया बटर कंपन्यांनी शोधलं नाही, आणि ते कोल्ड प्रेस्डही नसतं

शिया बटर म्हणजे शियाच्या झाडाच्या बियांतून काढलेलं तुपासारखं घट्ट तेल, त्याबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर खूप फिरतोय, मला एकटीलाच चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की आफ्रिकेतलं हे एक जंगली झाड, कुणी न राखलेलं, फळ खायच्या कामाचं नाही, तिथल्या लोकांना किंमत कळली नव्हती ती कॉस्मेटिक कंपन्यांनी ओळखली, आणि हाताने काढतात म्हणून ते शंभर टक्के कोल्ड प्रेस्ड, म्हणजे आच न देता नुसतं दाबून काढलेलं असतं. मी घरी साबण बनवते, कित्येक वर्षं शिया वापरतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी कंपन्यांचा मुद्दा. प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला होता, त्याने तिथल्या एका गोड फळाबद्दल लिहून ठेवलंय, की आतल्या बीचं तेल काढतात, त्यात स्वयंपाक करतात, दिवे लावतात, अंगाला लावतात आणि मातीत कालवून घरंसुद्धा लिंपतात. अभ्यासक ते शियाच मानतात. आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य नुकतं सुरू झालं होतं, यावरून काळाचा अंदाज घ्या.

फळ खात नाहीत हे तर साफ चूक. शिया आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलं झाड आहे, फळाचा गर पातळ पण गोड असतो. पिकतं ते साधारण मे ते जुलैत, म्हणजे घरातली बाजरी-ज्वारी संपत आलेली, नवीन पीक यायला अजून वेळ आणि शेतात पेरणीची कामं ऐन भरात, अशा दिवसांत वेचता वेचता बायका-मुलं हीच फळं खातात. तेल तर रोजच्या जेवणातलं. माली, बुर्किना फासो, उत्तर घाना, सगळीकडे कालवणाला आणि तळणाला वापरतात, बांबारा भाषेत त्याला सी-तुलू म्हणतात. बुर्किना फासोतल्या बोबो-दियुलासो शहराकडे तर या झाडाची पानं खाणारे सुरवंटसुद्धा वाळवून आवडीने खातात, नाव चितुमू. आणि जे परदेशात जातं त्यातलंही बहुतांश खाण्यातच जातं. युरोपात २००० सालच्या नियमाने चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत जी ठरावीक वनस्पती चरबी चालते त्यात शिया आहे, आपलं कोकमही आहे.

जंगली म्हणाल तर खड्डा खणून कुणी लावत नाही, इतकंच खरं. पण शेत साफ करताना बाकीची झाडं तोडतात आणि शिया ठेवतात, मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९६ च्या प्रवासात हेच पाहिलं होतं. पहिलं फळ धरायला १५-२० वर्षं लागतात, एवढी वर्षं नांगर वळवून घ्यायचा म्हणजे राखणंच झालं ना, आपण बांधावरचा आंबा राखतो तसं.

आता कोल्ड प्रेस्ड, याचा मला सगळ्यात त्रास होतो कारण यात शिया काढणाऱ्या तिथल्या बायकांची मेहनतच गायब होते. पहाटे उठून पडलेली फळं वेचायची, गवतात सापाची भीती असतेच. गर काढून बिया उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, आतला मगज भाजायचा, मग दळून चॉकलेटसारखा दिसणारा लगदा करायचा. त्यात थोडं थोडं पाणी घालत मोठ्या घमेल्यात कोपरापर्यंत हात बुडवून फेटत राहायचं, फेटून फेटून रंग फिका पडतो आणि लोण्यासारखं वर येतं. ते धुऊन घ्यायचं आणि आपण लोणी कढवून तूप करतो तसं कढवायचं. उरलेला चोथाही वाया जात नाही, चुलीत जाळतात.

म्हणजे उकळणं, भाजणं, कढवणं, तीनदा आच लागली. हाताने काढलेल्या शियाला जो किंचित धुरकट वास येतो तो या भाजण्याचाच, माल खराब असल्याचा नाही, कस्टमरने विचारलं तर मी हेच सांगते. तेव्हा साबणवाल्यांनो, लेबलवर कोल्ड प्रेस्ड लिहू नका, हाताने फेटून काढलेलं लिहा.