जरा लेव्हल द्या, सर!

आमच्या कॉलेजच्या रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर 50 वॅटचा आहे आणि स्टुडिओतला पंखा 75 वॅटचा. त्यामुळे आमच्याकडे जास्त ताकदवान कोण, हा प्रश्न कधीच पडत नाही. सामुदायिक रेडिओला सरकार परवानगीच एवढी देतं. 50 वॅट, 30 मीटरपर्यंतचा अँटेना, आणि चारी दिशांना साधारण पाच-दहा किलोमीटर ऐकू गेलं तर गेलं. या एवढ्याशा संस्थानात मी आवाज खात्याची मंत्री. निवेदकांचे फोटो कॉलेजच्या वार्षिकांकात छापून येतात. माझी आठवण होते ती फक्त आवाज फाटला की!

लोकांना वाटतं, आवाज सांभाळायचा म्हणजे बटणं फिरवायची. बटणं बिचारी गुणी असतात, सांगाल तिथे थांबतात. माणसं थांबत नाहीत. कोणताही पाहुणा समोर बसला की आवाजाची पातळी जोखायला मी परंपरेप्रमाणे विचारते, "सर, जरा लेव्हल द्या. सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?" सर आजाऱ्याची चौकशी करावी तशा मवाळ आवाजात म्हणतात, "पोहे." मी त्या पोह्यांच्या हिशेबाने गेन, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा ते, लावते, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) वर नेते, लाल दिवा लागतो, आणि तेच सर "बंधू आणि भगिनींनो!" म्हणून अशी आरोळी ठोकतात की मीटरवरचा काटा उजव्या भिंतीला जाऊन चिकटतो. पोहे खाणारा माणूस आणि भाषण करणारा माणूस एकाच देहात राहतात, पण त्यांची आपसात ओळख नसते.

मग अंतराचा प्रश्न. नव्या मुलांना मी सांगते, माईक तोंडापासून वीतभर ठेवा. एकजण माईक कुल्फीसारखा तोंडाशी धरतो, दुसरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी मागे रेलून बसते. वीत म्हणजे बारा अंगुळं. तीच मुलगी चार बोटांवर आली तर अंतर तिपटीने कमी होतं आणि आवाज साडेनऊ डेसिबलने उसळतो, वर खर्जही फुगतो. म्हणजे एका वाक्यात कॉलेजकन्या आणि पुढच्या वाक्यात तिचे आजोबा. शेवटी मी टेबलावर खडूने रेघ मारली. सफाईवाल्या मावशी ती रोज निष्ठेने पुसतात.

सगळ्यात धोकादायक कार्यक्रम कोणता म्हणाल, तर पाककृतींचा. ऐकायला साधा वाटतो, पण "भरली भेंडी", "फोडणी", "भाजून घ्या" यातला एकेक भ आणि फ माईकवर हवेचा गोळा मारतो. त्याला उपाय आहे, माईकवर घडी केलेला पायमोजा (नवा, धुतलेला, कृपया विचारू नका). दिवाळीत मात्र शेव, शंकरपाळे, साजूक तुपातला शिरा असा सगळा स-श चा फराळ येतो, आणि तिथे मोजाही हरतो. एफएममध्ये बारीक, वरचे आवाज प्रसारणाआधी मुद्दाम उचलून पाठवतात, म्हणजे तुमच्या रेडिओने ते पुन्हा खाली आणले की सोबतची खरखरही खाली बसते. युक्ती उत्तम आहे. फक्त आधीच चिरका असलेला श त्यात आणखी उचलला जातो. एफएमच्या लहरीची वारंवारता आवाजाबरोबर कमी-जास्त होते आणि तिला मुभा दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झची. शंकरपाळ्यांना ती पुरत नाही.

गाण्यांचं आणखी वेगळं. 1950 च्या दशकातलं भावगीत आणि गेल्या वर्षीचं वरातीतलं गाणं यांची टोकं, म्हणजे आवाजाचे सर्वांत मोठे क्षण, मीटरवर सारखीच दिसतात. कानाला मात्र पहिलं शेजारच्या वाड्यातून येतं आणि दुसरं तुमच्या कवटीतून. नवी गाणी दाबून-दाबून इतकी सपाट केलेली असतात की त्यांच्यात श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने 2010 मध्ये यावर शहाणपणाचा नियम काढला. टोक मोजू नका, अख्खा कार्यक्रम कानाला सरासरी किती मोठा वाटतो ते मोजा आणि तो उणे 23 या आकड्यावर आणून ठेवा. एक फुकटचं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवलं आणि आमची सगळी गाणी रांगेत आली. हॉस्टेलमधून येणारा "गाणं लागलं की दचकायला होतं" हा फोन बंद झाला. माणसांसाठी असं सॉफ्टवेअर मिळेना.

कंप्रेसर आहे, नाही असं नाही. आमचा कंप्रेसर ग्रंथालयाने मोडीत काढलेल्या संगणकात राहतो. मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळंच थोडं वर उचलायचं, असं त्याचं काम. पण त्याचा स्वभाव पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा आहे. पान रिकामं दिसलं की पळीत जे असेल ते वाढून मोकळा. बोलणारा विचार करायला क्षणभर थांबला की हा त्या शांततेत हळूहळू पंखा वाढतो, मग कावळा, मग कॅन्टीनच्या कुकरची शिट्टी. आमचे अर्थशास्त्राचे सर फार विचार करून बोलतात, त्यामुळे त्यांच्या महागाईवरच्या व्याख्यानात पंख्याचं योगदान मोठं होतं. पंखा बंद करा म्हणाल, तर एप्रिलमध्ये या खोलीत येऊन बसा. भिंतींना अंड्यांचे ट्रेही लावून पाहिले. त्यांनी खोलीचा घुमारा किंचित कमी होतो, बाहेरचा हॉर्न तसूभर अडत नाही, आणि प्रत्येक पाहुणा "पोल्ट्री आहे का?" विचारतो. आईच्या दोन जुन्या गोधड्यांनी त्यापेक्षा जास्त काम केलं.

एकदा शाहीर आले होते. आता पोवाडा म्हणजे दबक्या आवाजातला कट आणि पुढच्याच ओळीला "जी रं जी रं जी", माझी बोटं आधीच फेडरवर घट्ट. आणि गंमत अशी की मला काही करावंच लागलं नाही. ताण घ्यायच्या आधी बुवांची मान आपोआप मागे जायची, खालच्या सुराला पुन्हा पुढे. जत्रेतल्या फुटक्या कर्ण्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला लेव्हल कोणी शिकवायची? काटा सबंध वेळ जागच्या जागी डुलत होता. त्यानंतर आलेल्या नवकवींनी मात्र कविता अशी कुजबुजत वाचली की मी गेन वाढवत वाढवत त्यांच्या मनगटी घड्याळाची टिकटिक श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. कविता पोहोचली असेल-नसेल.

यातूनच मला माझं खरं हत्यार सापडलं, आणि ते समोरच्या बटणांच्या मिक्सरवर नाहीच, पाहुण्याच्या कानावर आहे. 1911 मध्ये लोंबार नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलंय की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. याची दुसरी बाजूही आहे. माणसाला स्वतःचा आवाज कानात मोठा ऐकू आला की तो आपण होऊन खाली येतो. म्हणजे ओरडणाऱ्याचा हेडफोन वाढवायचा, कुजबुजणाऱ्याचा कमी करायचा. "सर, जरा हळू बोला" हे वाक्य विभागप्रमुखांना उच्चारायची कोणाची छाती आहे? बटण फिरवायला छाती लागत नाही.

आमच्या केंद्राचा सर्वांत विश्वासू श्रोता म्हणजे गेटवरचे वॉचमन काका. त्यांच्या ट्रान्झिस्टरला एकच स्पीकर, तोही करंगळीएवढ्या आवाजाचा, पण तिथे नीट ऐकू आलं की सगळीकडे येतं. महागडा मॉनिटर स्पीकर परवडत नसेल तर असे काका ठेवावेत. मागे ते स्टुडिओच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, ते दुपारचे शेतीचे सर आहेत ना, त्यांचं जरा कमी करा. झोपमोड होते."

पुढच्या दुपारी मी सरांचा हेडफोन चांगला वाढवून ठेवला. सरांनी पहिलं वाक्य नेहमीसारखं गर्जून टाकलं, स्वतःच दचकले, आणि मग अर्धा तास ठिबक सिंचनावर अंगाई म्हटल्यासारखे बोलले. कार्यक्रम संपल्यावर हेडफोन उतरवत मला म्हणाले, "आज माझा आवाज काय दमदार लागला होता, नाही? असंच सेटिंग ठेव गं कायम."

मी मान डोलावली. गेटवर काका गाढ झोपले होते.