आयकॉनांची रांग लावली म्हणून एक्सपी पळत नाही

बेळगाव-निपाणीकडच्या डीटीपीवाल्यांत (कॉम्प्युटरवर अर्ज-पत्रिका टाइप करून देणाऱ्यांत) सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या विंडोज एक्सपीवर घड्याळाशेजारचे आयकॉन हवे तसे लावणारं सॉफ्टवेअर टाका, मशीन वेगात चालेल. आयकॉन लपवला की प्रोग्रॅम बंद होतो. आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज ठेवतं त्या वहीतल्या) दोन नोंदी उडवल्या की रांग कायमची पक्की. तिन्ही गोष्टी चूक आहेत. सॉफ्टवेअर मात्र कामाचं आहे, पण वेगळ्याच कारणासाठी.

वेगाचं आधी. चालू झालेला प्रोग्रॅम एक्स्प्लोररकडे (टास्कबार सांभाळणाऱ्या विंडोजच्याच प्रोग्रॅमकडे) घड्याळाशेजारी एक जागा मागतो आणि तिथं आपलं चित्र लावतो. टास्कबार शफलसारखं साधन या चित्रांची फक्त जागा बदलतं. चित्रामागचा प्रोग्रॅम खात होता तेवढीच मेमरी खात राहतो. वर हे साधनही चालूच ठेवावं लागतं, म्हणजे खाणारं तोंड एक वाढलं! वेग हवा असेल तर ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजमधल्याच साधनाच्या स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीत, जा आणि नको त्यांच्या खुणा काढा.

लपवण्याबद्दल बोलायला फारसं काही नाही. न वापरलेले आयकॉन झाकायची सोय 2001 मध्ये एक्सपीबरोबरच आली. झाकलेला अँटिव्हायरस काम करतच असतो. तो बंद होत असता तर आपली पंचाईतच होती की!

आता त्या दोन नोंदी. रजिस्ट्रीत ‘ट्रेनोटिफाय’खालच्या ‘आयकॉनस्ट्रीम्स’ आणि ‘पास्टआयकॉन्सस्ट्रीम’ यांत पूर्वी दिसलेल्या आयकॉनांची आठवण साठते. त्या पुसल्या की आयकॉन दाखवायचे-झाकायचे ठरवायच्या ‘कस्टमाइझ’च्या यादीतली जुनी अडगळ जाते, आणि कुठला आयकॉन दाखवायचा, कुठला झाकायचा हे तुम्ही ठरवलेलंही जातं. तेही एक्स्प्लोरर बंद करून पुसल्या तरच, नाहीतर तो जाताना त्या परत लिहून ठेवतो. रांगेचा याच्याशी संबंध नाही. मशीन सुरू होताना जो आधी जागा मागेल तो आधी बसतो, आणि हा क्रम रोज तोच राहील याची खात्री नसते.

आपल्याकडं खरा त्रास इथंच होतो. एका गिऱ्हाईकाला पहाणीसाठी (जमिनीच्या उताऱ्यासाठी) कन्नडमध्ये अर्ज हवा असतो, दुसऱ्याला मराठीत लग्नपत्रिका. टायपिंगचं सॉफ्टवेअर कन्नडसाठी नुडी किंवा बरहा, मराठीसाठी दुसरं काहीतरी, सगळं एकाच मशीनवर. गर्दीच्या वेळी भाषा बदलायला हात न बघता ठरलेल्या जागी जातो, आणि तिथं आज भलताच आयकॉन बसलेला असतो. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटांत मग पत्रिकेवर काय उमटतं ते विचारू नका. अशा दुकानात जागा धरून बसलेले आयकॉन सोयीचेच. (बरहा डायरेक्टवाल्यांनी तर भाषा बदलायला एफ11 दाबावं, माऊस हवाच कशाला?)

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाचीही गत एक्सपीसारखीच. 2009 च्या विंडोज 7 पासून मात्र आयकॉन माऊसनं धरून सरळ ओढता येतो, त्यामुळं तिथं असलं सॉफ्टवेअर शोधत बसायची गरजच नाही.