भाचीचा डावा हात आणि फ्रेंच गढीचा जिना

फ्रान्समधल्या जुन्या तटबंदीच्या वाड्यांची, म्हणजे आपण ज्याला गढी म्हणू त्यांची, ‘थक्क करणारी रहस्यं’ सांगणारा फॉरवर्ड महिनाभर फिरतोय. मी न वाचता पुढे सरकत होतो. परवा तो भाचीच्या प्रकल्पवहीत सापडला. भाची डावखुरी आहे. तिनं विचारलं, “मामा, मला गढीत घेतलंच नसतं ना?”

कारण त्यात लिहिलंय: गोल जिने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वर चढतात, ते वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून; आणि म्हणूनच डावखुऱ्यांना पहाऱ्यावर ठेवत नसत!

बहुतेक जिने तसे वळतात, एवढं खरं. पण उलटे वळणारेही भरपूर आहेत. तलवारीची कथा मध्ययुगातली नाहीच. इमारतींच्या दंतकथांचा माग काढणारे इंग्रज अभ्यासक जेम्स राइट यांनी ती 1902 पर्यंत मागे नेली आहे. त्या साली थिओडोर कुक नावाच्या लेखकानं चित्रकार लिओनार्दो दा विंची आणि फ्रान्समधल्या ब्ल्वा इथल्या राजवाड्याचा गोल जिना यांबद्दल लेख लिहिला. कुकना तीन गोष्टींचं वेड होतं: सर्पिल आकार, डावखुरेपणा आणि तलवारबाजी. तिन्ही एकत्र आली आणि ‘इतिहास’ तयार झाला.

शिवाय जरा जिन्याची जागा बघा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या फ्रेंच वाड्यात जिन्याचा मनोरा बहुधा अंगणाकडे, दर्शनी भागात असतो. खाली कोरीव दरवाजा, त्यावर घराण्याचं चिन्ह, वर चढत जाणाऱ्या खिडक्या. पाहुण्यानं बघून दबावं म्हणून केलेला थाट आहे तो. शत्रू तिथवर पोचला म्हणजे खंदक, पूल, दरवाजा सगळं गेलेलं. मग जिन्यात कसली डोंबलाची तलवार फिरवणार?

फॉरवर्डमधलं पुढचं रहस्य: ‘सज्जातून उकळतं तेल ओतत.’ तेल महाग होतं हो! दगड फुकट होते. गरम पाणी, तापलेली वाळू ओतल्याचे दाखले आहेत, तेवढं मान्य करतो.

आणखी एक: ‘खंदक फक्त युद्धासाठी.’ इथे अर्धं मान्य करावं लागेल. फ्रान्स-इंग्लंडमधलं शतवर्षीय युद्ध (1337–1453) आणि त्यात बेकार होऊन गावं लुटणाऱ्या सैनिकांच्या टोळ्या, हे संकट खरं होतं. पण फ्रान्सच्या आंजू प्रांतातला प्लेसी-बुरे हा वाडा बघा. राजा अकराव्या लुईच्या खजिन्याचा कारभारी झां बुरे यानं तो 1468 नंतर बांधला. बाहेरून रुंद खंदक, उचलता पूल, चार बुरूज. आत मोठ्या खिडक्या आणि चावट चित्रांनी रंगवलेलं छत. एकाच माणसाला चोरांची भीतीही होती आणि मिरवायचंही होतं.

फॉरवर्डमधला शेवटचा फोटो ‘पहारेकऱ्याच्या बुरजाचा’. अहो, तो नॉर्मंडीतल्या आंगोच्या वाड्याचा कबुतरखाना आहे! दिएप बंदरातल्या आंगो नावाच्या जहाजमालकानं बांधलेला. कबुतरखाना ठेवणं हा जमीनदारांचा हक्क होता. ती कबुतरं शेतकऱ्यांचं पेरलेलं बियाणं खात, आणि फ्रेंच राज्यक्रांतीत, 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री तो हक्क रद्द झाला.

भाचीनं वहीतलं ते पान फाडलं. नवीन पानावर कबुतरखाना काढतेय, डाव्या हातानं.