‘आयपी ब्लॉक करा, तक्रार कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

वागळे इस्टेटपासून महापे-ऐरोलीपर्यंत लहान कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) दिसतो तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) हॅकरचा. चीन-रशिया बंद केले की त्रास संपला. सापडलेला आयपी कायमचा ब्लॉक करा. तक्रार कोणी वाचत नाही. फारच झालं तर त्याच आयपीवर उलटा हल्ला करा, नाहीतर १९३० फिरवा. यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्याजोगा नाही.

‘लॉगमधला आयपी म्हणजे हॅकर.’

लॉगमधल्या एका ओळीचा अर्थ पाहू: रात्री २ वाजून १३ मिनिटं ७ सेकंद, अस्तित्वात नसलेल्या ‘ॲडमिन’ या यूजरसाठी चुकीचा पासवर्ड, २०३.०.११३.४५ वरून, पोर्ट ५२१४४ (पाठवणाऱ्या यंत्राने त्या जोडणीला दिलेला क्रमांक, म्हणजे सोर्स पोर्ट). (हा आयपी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, त्यामुळे तो शोधत बसू नका.) ओळीतून एवढंच कळतं की त्या क्षणी या पत्त्यावरच्या यंत्राने जोडणी केली. ते यंत्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी, आधीच फोडलेलं असतं: कुणाचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), कुणाचा राउटर, कुणाच्या सोसायटीचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (फोडलेल्या यंत्रांच्या फौजेने) कारखान्यातून आलेले साठेक तयार पासवर्ड वापरून असे कॅमेरे आणि राउटर ढिगाने पकडले होते. आजही दुकानातला डीव्हीआर बसवणारा मूळ पासवर्ड तसाच ठेवून जातो.

शिवाय मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर सीजीनॅट वापरतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असतात आणि त्यांच्यातला फरक कळतो तो फक्त सोर्स पोर्टवरून. ठिकाण दाखवणाऱ्या साइट नोंदणीवरून अंदाज बांधतात. त्यांनी नकाशावर टोचलेली टाचणी कुणाच्या दाराची नसते.

आणखी एक गोष्ट. एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) लॉगमधला पत्ता खरा धरता येतो, कारण टीसीपीची (दोन्ही बाजूंचा होकार घेणारी) जोडणी पूर्ण झाल्याशिवाय पासवर्ड विचारलाच जात नाही. होकार न घेताच पॅकेट पाठवणाऱ्या यूडीपीचं मात्र तसं नाही. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता सहज खोटा लिहिता येतो. फायरवॉलमधल्या नुसत्या यूडीपी पॅकेटवरून किंवा टीसीपीच्या पहिल्या सिन (जोडणी मागणाऱ्या) पॅकेटवरून तक्रार केलीत तर एखाद्या निरपराध्याच्या नावाने बोंब माराल.

‘चीन-रशिया ब्लॉक करा.’

हल्लेखोर तासावर व्हीपीएस भाड्याने घेतो, आणि तो कुठल्याही देशातला असतो. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे मुंबई विभाग आहेत, रबाळे-महाप्यात डेटा सेंटर आहेत. पासवर्डचा मारा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एखाद्या रॅकमधूनही येऊ शकतो, आणि तो भारत ब्लॉक करून थोडाच थांबवता येईल? देश बंद केल्याने लॉग थोडा शांत होतो, इतकंच.

‘तक्रार कोणी वाचत नाही.’

फॉरवर्डमधलं सगळ्यात जास्त पटलेलं वाक्य हेच. बऱ्याच तक्रारी खरंच वाया जातात, पण त्या कशा लिहिल्या जातात ते बघा. ‘तुमच्या आयपीवरून हॅकिंग होतंय, ताबडतोब कारवाई करा’ एवढ्या मजकुरावर नेटवर्कवाल्याने करायचं काय? तक्रारीने हल्लेखोर पकडला जाईल अशी आशा धरू नये. फोडलं गेलेलं यंत्र त्याच्या मालकाने किंवा होस्टिंगवाल्याने बंद करावं, साफ करावं, यासाठी ती असते.

आधी पत्ता कोणाचा ते पाहा. हूइज किंवा आरडॅप या नोंदणी शोधायच्या सेवांवर आयपी टाकला की नेटवर्कचं नाव आणि ‘अब्यूज’ (गैरवापराच्या तक्रारीचा) संपर्क मिळतो. आशिया-पॅसिफिकमधल्या पत्त्यांसाठी नोंदणी एपनिक या प्रादेशिक संस्थेकडे असते, भारतातल्या पुष्कळ पत्त्यांसाठी आयआरआयएनएन या भारतीय नोंदणी संस्थेकडे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वरच एपनिकचं नाव दिसलं म्हणून मेल एपनिकलाच धाडणं. एपनिक पत्ते वाटून देतं, ते कुणाचा सर्व्हर बंद करू शकत नाही. खाली उतरून ‘आयआरटी’ (घटना हाताळणाऱ्या गटाच्या) नोंदीतला अब्यूज मेलबॉक्स घ्या. मेल परत आला तर तो संपर्क चालत नाही हे एपनिकला कळवता येतं. मोठ्या क्लाउड कंपन्यांचा अब्यूज फॉर्म वेगळा असतो, तोच भरा.

मेल एका आयपीसाठी एक. विषयातच आयपी आणि प्रकार लिहा. मजकुरात हल्ला करणारा पत्ता, सोर्स पोर्ट, तुमच्याकडचा पत्ता आणि पोर्ट, प्रोटोकॉल, सेकंदापर्यंतची वेळ आणि लॉगच्या पाच-दहा ओळी, साध्या मजकुरात. स्क्रीनशॉट नको, कारण पुष्कळ ठिकाणी मेल आधी प्रोग्रॅम वाचतो.

वेळेत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वरची ओळ १४ तारखेच्या रात्री २:१३:०७ ची असेल तर यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ती १३ तारखेची २०:४३:०७ आहे. तारीखच बदलते. ‘+०५:३०’ (भारतीय वेळेचा यूटीसीपासूनचा फरक) न लिहिता वेळ दिली की समोरचा ती यूटीसी धरतो आणि त्या वेळी तो पत्ता ज्याच्याकडे होता त्या भलत्याच ग्राहकाला नोटीस जाते. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेशी) जुळलेलं आहे ना, हे तक्रारीआधी तपासा.

सोर्स पोर्ट एसएसएचच्या लॉगमध्ये आपोआप येतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये तो नसतो, ‘रिमोट पोर्ट’ हा व्हेरिएबल लॉग फॉरमॅटमध्ये आपणच घालावा लागतो.

अब्यूज-आयपीडीबीसारख्या सार्वजनिक यादीत नोंद करणं चांगलंच, इतरांना त्या पत्त्याचा संशयाचा शून्य ते शंभरमधला गुण पाहता येतो. पण यादीत नोंदवणं म्हणजे मालकाला कळवणं नव्हे. तिथली टिप्पणी सगळ्यांना दिसते, म्हणून लॉग चिकटवण्याआधी तुमच्या यूजरची नावं आणि सर्व्हरचा पत्ता काढा. घाईत एखादा कर्मचारी यूजरनेमच्या जागी पासवर्डच टाइप करतो आणि तो लॉगमध्ये ‘अवैध यूजर’ म्हणून जशाच्या तसा उमटतो. ती ओळ जगजाहीर झाली की संपलं.

‘एकदा ब्लॉक, कायम ब्लॉक.’

आजचा हल्ल्याचा पत्ता उद्या एखाद्या ग्राहकाच्या ब्रॉडबँडला मिळतो. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये हजारो सुटे नियम साचले की प्रत्येक पॅकेट त्या रांगेतून जातं. मोठी यादी ठेवायचीच तर आयपीसेट किंवा एनएफटेबल्सचा सेट वापरा.

लॉग वाचून पत्ते आपोआप ब्लॉक करणाऱ्या फेल२बॅनची मूळ मापं अशी: १० मिनिटांत ५ चुका, १० मिनिटं बॅन. वारंवार येणाऱ्यांसाठी ‘रेसिडिव्ह’ हे जेल (नियमांचा संच) चालू करा, ते दिवसभरातले बॅन मोजून आठवड्यासाठी बाहेर ठेवतं. ऑफिसचा स्थिर आयपी ‘इग्नोर-आयपी’त घाला, नाहीतर एकाने पासवर्ड चुकवला की अख्खं ऑफिस बाहेर. डेबियन १२ या लिनक्सवर फेल२बॅन सुरूच होत नाही अशी ओरड असते. तिथे लॉगच्या फाइली लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे ऑथ लॉगची फाइलच सापडत नाही. जेल डॉट लोकल फाइलमध्ये एसएसएचडीच्या जेलसाठी बॅकएंड (लॉग वाचायची जागा) ‘सिस्टिमडी’ करा.

वेबसाइट क्लाउडफ्लेअरसारख्या प्रॉक्सीमागे (मध्यस्थ सर्व्हरमागे) असेल तर लॉगमध्ये प्रॉक्सीचाच पत्ता येतो. तो बॅन केलात की तुमचेच गिऱ्हाईक अडकतात, आणि तो रिपोर्ट केलात तर हसं होतं. खरा पत्ता हेडरमधून (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीतून) घ्यावा लागतो, पण तो हेडर फक्त प्रॉक्सीच्या जाहीर पत्त्यांकडून आला तरच मानायचा.

आणि बॅनवर सगळी भिस्त ठेवू नका. आता बॉटनेट प्रत्येक पत्त्यावरून एक-दोनच प्रयत्न करतं, पाचाचा आकडा गाठतच नाही. एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त ‘की’ (चावीची फाइल) ठेवा. मग हा मारा नुसता लॉगची पानं भरतो.

‘उलटा हल्ला करा.’

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं किंवा त्याची सेवा बंद पाडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समोरचं यंत्र एखाद्या दवाखान्याचंही असू शकतं.

‘नाहीतर १९३० फिरवा.’

१९३० ही आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे, खात्यातून पैसे गेले तर तिथे. लॉगमधल्या फसलेल्या लॉगिनसाठी ती अडवू नका. कोणी खरंच आत शिरलं, फाइली कुलूपबंद झाल्या, डेटा गेला, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा नोंदवायला ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांची सायबर पोलीस ठाणी आहेत.

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत. आरसिसलॉग असलेल्या डेबियनवर जुन्या लॉग फाइली काढून टाकणारा लॉगरोटेट मुळात आठवड्याला एक अशा चारच जुन्या फाइली ठेवतो. ‘रोटेट ४’ च्या जागी ‘रोटेट २६’ केलं की १८२ दिवस होतात. जर्नलडी (सिस्टिमडीची लॉग ठेवणारी सेवा) वापरत असाल तर त्याची आकारमर्यादाही वाढवा, कारण ती भरली की जुन्या नोंदी मुदतीआधीच पुसल्या जातात.